गाळात गेलेले धातू

सोनाराच्या दुकानातील केर विकत घेणारा एक धंदेवाईक वर्ग महाराष्ट्रातील जुन्या पेठांतून आढळत असे. त्याला झारेकरी म्हणत. उंबरठ्यापुढील धूळ, भट्टीतील राख, फुटक्या मुशींचे तुकडे हे सारे तो मोल देऊन नेई, पाण्याने धुई, आणि त्यातून गुंजभर सोने निघाले तरी त्याचा दिवस साजरा होई. त्याच्या विद्येचे मर्म सोने ओळखण्यात नव्हते; सोने कोणीही ओळखतो. किती धूळ धुतली असता किती सोने हाती येईल आणि ती धूळ धुण्याचे श्रम त्या सोन्याच्या किमतीत भागतील की नाही, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक असे. विरळ धातूंच्या शोधात असलेल्या आधुनिक धातुविज्ञानापुढील प्रश्न पाहू गेल्यास या झारेकऱ्याचाच प्रश्न आहे. मात्र त्याची धूळ आता कोट्यवधी टनांनी मोजावी लागते, आणि तो हिशेब चुकला तर एका दुकानाचे नव्हे, एका राष्ट्राचे नुकसान होते.

‘विरळ’ हा शब्दच मुळी थोडा फसवा आहे. भूकवचातील सरासरी प्रमाण पाहिले तर गॅलियम हा धातू शिशापेक्षा कमी नाही, काहीसा अधिकच आहे. तरीही शिसे पन्हाळी जोडण्यापासून बंदुकीच्या गोळीपर्यंत शेकडो वर्षे वापरात आले आणि गॅलियमचे नाव १८७५ पर्यंत कोणी ऐकले नव्हते. याचे कारण असे की, शिशाला निसर्गाने ठिकठिकाणी एकत्र साठविले; गॅलियमला मात्र स्वतःचे घर दिले नाही. ते ॲल्युमिनियमच्या बॉक्साइटमध्ये आणि जस्ताच्या धातुकात पाहुण्यासारखे राहते. इंडियम, जर्मेनियम, सेलेनियम, टेल्युरियम, रेनियम यांचीही स्थिती अशीच आहे. ते विरळ असण्यापेक्षा विखुरलेले आहेत, आणि विखुरलेल्या वस्तूचे मोल तिच्या एकूण परिमाणावरून ठरत नाही. ती गोळा करण्यास लागणाऱ्या कष्टांवरून ठरते.

रेनियमचा इतिहास या दृष्टीने मनोरंजक आहे. वॉल्टर नोडाक, इडा टाके आणि ओटो बेर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये त्याचा शोध जाहीर केला. पण चिमूटभर रेनियम डोळ्यांनी पाहण्यासाठी १९२८ साल उजाडावे लागले. त्यासाठी ६६० किलोग्रॅम मोलिब्डेनाइट हे खनिज त्यांनी झिजविले आणि हाती आला एक ग्रॅम! त्यापूर्वी मेरी आणि पियरे क्यूरी यांनीही असेच केले होते. बोहेमियातील योआखिमस्थाल येथे पिचब्लेंडमधून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला पदार्थ रानात टाकून दिलेला असे. पाईनच्या सुया मिसळलेली ती तपकिरी माती पोत्यांत भरून पॅरिसला आली, आणि १९०२ मध्ये त्यातून एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड निघाले. रेडियमचा जन्म खाणीत झाला नाही, टाकाऊ ढिगाऱ्यात झाला, ही गोष्ट शालेय पुस्तकांत क्वचितच ठसविली जाते.

आज रेनियम कसे मिळते? तांब्याच्या काही विशाल खाणींत मोलिब्डेनाइट अल्प प्रमाणात असते. दगड दळून त्याचे पीठ करतात, पाण्यात कालवतात, त्यात फेस आणणारी द्रव्ये घालून हवा फुंकतात. मग गंधकयुक्त खनिजांचे कण फेसाच्या बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि वाळू खाली राहते. या क्रियेला प्लवन म्हणतात. निरुपयोगी भाग अशा रीतीने वेगळा केल्यावर जे समृद्ध चूर्ण उरते ते सांद्रित. तांब्याच्या सांद्रितातून पुन्हा प्लवनाने मोलिब्डेनाइटचे सांद्रित वेगळे काढतात आणि ते भट्टीत भाजतात. भाजताना मोलिब्डेनम मागे राहते. रेनियम मात्र प्राणवायूशी संयोग पावून वायुरूप होते आणि धुराबरोबर निघून जाऊ लागते. धुराड्याच्या वाटेवर पाण्याचे फवारे ठेवले असतील तर ते पाण्यात विरघळते व पुढे त्यातून शुद्ध रूपात काढता येते. फवारे नसतील तर ते आकाशात जाते. जेट विमानाच्या इंजिनातील ज्या पात्यांना भयंकर उष्णतेत आकार टिकवावा लागतो, त्यांच्या मिश्रधातूत शेकडा तीन ते सहा भाग रेनियम घातलेले असते. म्हणजे ज्या धातूवाचून ते पाते टिकत नाही, तो मिळणे न मिळणे एका धुराड्यातील पाण्याच्या फवाऱ्यावर अवलंबून आहे.

भारतापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद क्षेत्र म्हणजे झारखंडमधील सिंहभूमचा पट्टा. सुवर्णरेखा नदी तेथून वाहते, आणि तिच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढणारी माणसे त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. नदीला नाव पडले तेही त्यावरूनच. इंडियन कॉपर कॉर्पोरेशन या विलायती कंपनीने १९२४ पासून येथे तांब्याचा उद्योग उभा केला. १९७२ मध्ये त्याचे राष्ट्रीयीकरण होऊन तो हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीकडे आला. येथील दगडात तांबे शेकडा एक भागाच्या आसपास. म्हणजे शंभर टन दगड फोडला की चार-पाच टन सांद्रित मिळावयाचे आणि उरलेले पंचाण्णव टन बारीक पीठ गाळाच्या रूपाने बाहेर पडावयाचे.

या दोन वाटांवर दोन निरनिराळ्या गोष्टी घडल्या. सांद्रित घाटशिलेजवळच्या मउभांडारच्या भट्टीत गेले, त्याचे अशुद्ध तांबे झाले आणि ते विद्युत्‌-विश्लेषणाने शुद्ध करण्यात आले. या क्रियेत तांब्याची जाड पाटी द्रावणात बुडवून तिच्यातून वीज सोडतात. तांबे विरघळून समोरच्या पातळ पत्र्यावर बसते. सोने, चांदी, सेलेनियम व टेल्युरियम विरघळत नाहीत. ते काळ्या गाळाच्या रूपाने तळाशी पडतात. निकेल विरघळते, पण पत्र्यावर बसत नाही. ते द्रावणात साचत जाते. मउभांडारला हा काळा गाळ आणि ते द्रावण फेकून दिले जात नसे. त्यांतून सोने, चांदी, सेलेनियम, टेल्युरियम आणि निकेल सल्फेट ही पाचही द्रव्ये काढली जात. झारेकऱ्याला हा कारखाना पाहून आपलाच वाडा मोठा झाल्यासारखे वाटले असते.

दुसरी वाट गाळाची. सिंहभूमच्या तांब्याच्या दगडात युरेनियमही सूक्ष्म अंशाने आहे. ते तांब्याच्या खनिजाप्रमाणे फेसाला चिकटत नाही, गाळाबरोबर जाते. १९७० नंतरच्या दोन दशकांत सुरदा, राखा आणि मोसाबनी येथे या गाळातून ते परत मिळविण्याची केंद्रे उभारण्यात आली. तेथील साधन पाहून एखाद्या गृहिणीला आपल्या सुपाची आठवण झाली असती. किंचित कललेले, पन्हळ्या पाडलेले मेज सतत हिसके देत हलते. त्यावरून गाळाचे पाणी वाहते. हलकी वाळू पाण्याबरोबर काठावरून पडते आणि वाळूच्या सुमारे तिप्पट जड असलेले युरेनियमचे खनिज पन्हळ्यांतून सरकत दुसऱ्या टोकाला जाते. पाखडणेच ते! असे मिळालेले चूर्ण जवळच्या जादुगुडाच्या कारखान्यात पाठविले जाई. युरेनियमसाठी नवी खाण खणावी लागली नाही, दगड फोडावा लागला नाही, दळावा लागला नाही. तो सारा खर्च तांब्याने आधीच उचललेला होता. ज्या कारखान्यात दगड दळतात तेथे विजेचा सर्वांत मोठा वाटा दळण्यातच खर्ची पडतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या योजनेतील शहाणपण कळते.

तथापि त्यातील उणीवही सांगितली पाहिजे. दगड किती बारीक दळावा हे तांब्याच्या सोयीने ठरले होते. जड खनिजाचा कण फार बारीक झाला की हलत्या मेजावर तो वाळूपासून वेगळा होत नाही, पाण्याबरोबरच निघून जातो. त्यामुळे युरेनियमचा बराच अंश हातून निसटे. शिवाय पाहुण्याचे भाग्य यजमानाच्या भाग्याशी बांधलेले असते. सिंहभूममधील तांब्याच्या खाणी पुढे एकामागून एक मंदावल्या व थांबल्या, आणि गाळच येईनासा झाल्यावर ती मेजेही थांबली.

जादुगुडाची गोष्ट वेगळी. तेथे युरेनियम हाच यजमान. पण यजमान तरी किती दरिद्री! १९५१ मध्ये तेथे युरेनियमचा पत्ता लागला, १९६७ मध्ये भारतीय युरेनियम निगमाची स्थापना झाली. त्या दगडात युरेनियम ऑक्साइड एका टनात सहाशे ग्रॅमच्या आसपास असते. कॅनडातील उत्कृष्ट खाणींत त्याच टनात शंभर किलोग्रॅमहून अधिक सापडते. अशा दगडावर अणुशक्तीचा कार्यक्रम उभारावयाचा म्हणजे पिठातून मीठ वेचावयाचे. फेस येथे उपयोगी नाही. रसायनालाच शरण जावे लागते. दळलेला दगड गंधकाम्लात उंच टाक्यांतून हवेच्या झोताने घुसळतात. सोबत पायरोलुसाइट हे मँगॅनीजचे खनिज घालतात. त्याच्या योगाने युरेनियमचे ऑक्सिडीकरण होते व ते अम्लात उतरते. पण त्याबरोबर लोह आणि इतर नको असलेले पदार्थही उतरतात. तेव्हा हे द्रावण गाळून रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यांतून सोडतात. गंधकाम्लात युरेनियम ज्या विशिष्ट रूपात वावरते ते रूप हे मणी धरून ठेवतात आणि लोहासारख्या सोबत्यांना बहुतांशी पुढे जाऊ देतात. नंतर दुसऱ्या द्रावणाने मणी धुतले की युरेनियम त्यांच्यापासून सुटते, आणि अखेर पिवळ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. १९५९ मध्ये तुर्भे येथे भारताने युरेनियम धातूची पहिली लगड तयार केली तेव्हा सर्वांचे लक्ष त्या चकाकत्या तुकड्याकडे गेले, आणि ते स्वाभाविक होते. परंतु पुढे देशाच्या अणुभट्ट्यांना खरोखर आधार दिला तो टनातून सहाशे ग्रॅम वेचण्याच्या या नीरस, रोजच्या कौशल्याने.

सहाशे ग्रॅम घेतल्यावर मागे काय राहिले? नऊशे नव्याण्णव किलोग्रॅमहून अधिक गाळ, आणि तोही साधा नव्हे. युरेनियम गेले तरी त्याची संतती असलेले थोरियम-२३० व रेडियम गाळातच राहतात. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे, आणि थोरियम-२३० पासून ते पुन्हा पुन्हा उत्पन्न होत राहते. जाडसर गाळ खाणीतील पोकळी भरण्यासाठी परत नेतात. बारीक गाळ चुन्याने अम्लरहित करून बांध घातलेल्या तळ्यांत साठवितात. डिसेंबर २००६ मध्ये जादुगुडाजवळ असा गाळ वाहून नेणारी नळी फुटली आणि गाळ ओढ्यात पसरला. तेथील वस्ती मुख्यतः संथाळ, हो वगैरे आदिवासींची आहे. ओढ्याचे पाणी ही त्यांच्या दैनंदिन जीवनातील गोष्ट आहे, शास्त्रीय अहवालातील नव्हे. धातुक जितके हीन प्रतीचे तितका गाळ अधिक, आणि ज्यांच्या गावाशेजारी तो साठतो त्यांच्यावरील भारही तितकाच अधिक. या भाराचा आकडा धातूच्या किमतीत धरला जात नाही तोवर ‘हा धातू स्वस्त पडला’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

कोलारची स्थिती याहून वेगळी नाही. तेथील सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली. गाळाच्या टेकड्या राहिल्या. तीन कोटी टनांहून अधिक असा हा गाळ, ज्यात अद्याप टनामागे ग्रॅमहूनही कमी सोने आहे. वाऱ्याच्या दिवसांत त्याची धूळ घराघरांतून पसरते. झारेकऱ्याच्या नजरेने पाहिले तर तो खजिना. त्या गावातील मातेच्या नजरेने पाहिले तर तिच्या मुलाच्या खोकल्याचे कारण. दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत, आणि टेकडी पुन्हा धुवावयाची असेल तर धुतल्यावर ती कोठे व कशी निजवावयाची याचे उत्तर आधी द्यावयास हवे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो विचारार्ह आहे. बाजारात जो धातू विकत मिळतो तो हीन धातुकातून काढण्याचा खटाटोप कशाला? शंभर रुपयांची वस्तू दोनशे रुपये खर्चून घरी का करावी? हिशेबाच्या वहीत हा युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु पाहुण्या धातूंचा बाजार गव्हाच्या बाजारासारखा चालत नाही. गव्हाचा भाव चढला की शेतकरी गहू अधिक पेरतो; रेनियमचा भाव दुप्पट झाला म्हणून कोणी तांब्याची नवी खाण खणत नाही. पुरवठा यजमानाच्या मर्जीवर आणि तो वेचणाऱ्या मूठभर कारखान्यांवर राहतो. गॅलियमचे उदाहरण ताजे आहे. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करताना दाहक सोड्याचे जे द्रावण पुन्हा पुन्हा फिरविले जाते त्यात गॅलियम साचत जाते. रेणुकूट आणि मेत्तूर येथील ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत एके काळी ते अल्प प्रमाणात काढलेही जात असे. पुढे ते बंद पडले, कारण विकत घेणे सोपे होते. दरम्यान जगातील जवळजवळ सारे प्राथमिक गॅलियम चीनमध्ये तयार होऊ लागले, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून त्या देशाने गॅलियम व जर्मेनियम यांची निर्यात परवान्याखाली आणली. अर्धवाहकांच्या उद्योगाची स्वप्ने पाहणाऱ्या प्रत्येक राष्ट्राला त्या दिवशी समजले की विकत घेण्यासाठी विकणाराही राजी असावा लागतो.

याच्या उलट टोकाचा उतावळेपणाही तितकाच घातक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा अनुमानित साठा सापडल्याची घोषणा झाली, आणि अनेकांनी तो ५९ लाख टन लिथियम म्हणून वाचला. तो लिथियमचा नव्हे, लिथियम असलेल्या धातुकाचा अंदाज होता. आणि ते लिथियम मातीसारख्या खनिजात अडकलेले आहे, जेथून ते काढण्याचा उद्योग जगात अद्याप पुरता स्थिरावलेला नाही. लिलाव पुकारला गेला तेव्हा पुरेसे बोलीदार पुढे आले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. साठा किती, हा या विषयातील सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न होय. एका टनात किती, कोणाच्या संगतीत, कोणत्या खनिजाच्या रूपात आणि किती बारीक दळल्यावर सुटणारे, हे विचारल्यावाचून कोणत्याही साठ्याची बातमी वाचू नये. मध्य प्रदेशातील मलांजखंडचे उदाहरण घ्यावे. नागपूरहून काही तासांच्या अंतरावरील या तांब्याच्या खाणीत मोलिब्डेनाइट आहे, आणि त्यात रेनियमही आहे. त्या रेनियमच्या किरणोत्सर्गी क्षयावरून भूशास्त्रज्ञांनी तेथील धातुकाचे वय सुमारे २४९ कोटी वर्षे ठरविले. म्हणजे रेनियम तेथे आहे हे इतके निश्चित आहे की त्याचे घड्याळ करता आले. घड्याळ करण्यास पुरेसे असणे आणि कारखाना चालविण्यास पुरेसे असणे यांत मात्र महदंतर आहे, आणि ते अंतर केवळ मोजमापानेच कळू शकते.

भारत सरकारने जून २०२३ मध्ये तीस खनिजांची सूची निर्णायक महत्त्वाची म्हणून प्रसिद्ध केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय अभियानाला मान्यता दिली. खाणींच्या गाळातून व टाकाऊ ढिगाऱ्यांतून अशी खनिजे परत मिळविण्याचाही त्यात समावेश आहे, ही समाधानाची बाब आहे. पण पैसा ओतल्याने गाळातील धातू वर येत नाही. पहिली गरज आहे ती ज्ञानाची, आणि तेही अगदी साध्या ज्ञानाची. सांद्रित तयार करणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आपल्या सांद्रिताचे आणि गाळाचे संपूर्ण पृथक्करण, मुख्य धातूपुरते नव्हे तर त्यातील साऱ्या पाहुण्यांसह, ठरावीक काळाने प्रसिद्ध केले पाहिजे. आज व्यवहारात सांद्रिताची किंमत तांबे, सोने, चांदी अशा मोजक्या धातूंवरून ठरते. काही सोबत्यांबद्दल, उदाहरणार्थ आर्सेनिक व बिस्मथ, उलट दंड बसतो. उरलेल्यांची कोणी विचारपूस करीत नाही. ज्याचे मोल मिळत नाही ते मोजले जात नाही, आणि मोजले जात नाही म्हणून त्याला मोल येत नाही. हे चक्र बाजार आपण होऊन तोडणार नाही. ते कायद्यानेच तोडावे लागेल.

त्याच्या जोडीला गाळ साठविण्याची रीत बदलणे अगत्याचे आहे. आज न परवडणारा गाळ वीस वर्षांनी परवडेल. परंतु निरनिराळ्या प्रकारचे गाळ एकाच तळ्यात सोडले, उघड्यावर हवापाण्याने त्यांतील गंधकयुक्त खनिजांचे पृष्ठभाग गंजले, तर पुढच्या पिढीचे प्लवन निष्फळ ठरते, कारण गंजलेला कण बुडबुड्याला चिकटत नाही. शिवाय अशा गंजातून निघणारे अम्ल शेजारच्या विहिरींत उतरते. झाकलेला, वेगवेगळा राखलेला, नोंद ठेवलेला गाळ धातुविज्ञानाच्या दृष्टीने सोयीचा आणि गावाच्या दृष्टीनेही कमी उपद्रवी असतो. दोघांचे हित क्वचित इतके जुळते. यास खर्च येतो हे खरे. तो खाणीच्या मालकाकडून, खाण चालू असतानाच, वेगळ्या निधीत घेतला पाहिजे. खाण बंद पडल्यावर तो मागावयास गेले तर मागावयाचा कोणाकडे हे कोलारच्या टेकड्यांकडे पाहून समजते.

सिंहभूममधील तांब्याच्या खाणी पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न अधूनमधून होत असतात. त्या चालू होतील तेव्हा दगड किती बारीक दळावयाचा, हे ठरविण्यासाठी जी मंडळी बसतील त्यांत तांब्याचा जाणकार असेलच. युरेनियमचा, निकेलचा आणि गाळाच्या तळ्याचा जाणकारही त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसलेला असावा, आणि ओढ्याकाठच्या गावाचा एक प्रतिनिधीही. जात्याचे माप एकदा ठरले आणि यंत्रे बसली, की पुढील तीस वर्षे ते बदलता येत नाही.